आत्याचा वॉर्ड

बायकांनी जगात काय काय करायचं नाही, याची कुठे लेखी यादी असेलच तर ती आमच्या आत्याने लहानपणीच पळवली असणार आणि तेव्हापासून एकेका ओळीवर काट मारत सुटली असणार, अशी माझी पक्की खात्री आहे. काशीत मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर बायकांनी जायचं नाही म्हणतात. आत्या आपल्या आईच्या वेळी सगळ्या पुरुषांच्या पुढे चालत गेली. नवऱ्याचं घर सोडायचं नाही म्हणतात. आत्या लग्नानंतर दोन वर्षांनी एक ट्रंक घेऊन इंदूरहून थेट ब्रह्मा घाटावर परत! गल्लीत कुणी हळहळून "नवऱ्याने टाकलं हो बिचारीला" म्हटलं की ही खिडकीतून ओरडायची, "टाकलं मी! नीट बोला!" आज ती पंचाहत्तरीच्या पुढे आहे. उंची माझ्या खांद्याइतकी, गुडघे कामातून गेलेले, पण आवाज असा की घाटावरचे नावाडी वल्हं थांबवून बघतात. तिला एखादी गोष्ट 'नको' म्हणा, की ती झालीच म्हणून समजा. याला अपवाद आयुष्यात एकच, आणि तो म्हणजे माझे वडील.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, आत्या दादा म्हणायची. दोघांत अंतर दोनच वर्षांचं. घर पिढ्यान् पिढ्या वैदिकांचं. आमच्याकडे मंत्र नुसते तोंडाने म्हणत नाहीत. स्वर चढला की उजवा हात वर, उतरला की खाली, आणि हात चुकला की त्याच हातावर छडी. आजोबा ओसरीवर अण्णांना संथा देत, आणि आत आत्या आईशेजारी पोळ्या लाटायला बसे. मुलींना हे शिकवायचं नाही, हा तर यादीतला पहिलाच नियम. त्यामुळे आत्याने ते आधी शिकून घेतलं. अण्णांना एका अध्यायात एका जागी नेहमी घोटाळा व्हायचा. अकरा वर्षांचा पोरगा, त्या ठिकाणी आला की हात वर जायच्या ऐवजी खाली जायला लागायचा. दाराच्या फटीतून आत्याला ते दिसायचं आणि ती लाटणं पोळपाटावर आपटायची, ठक्! लगेच दादाचा हात वर. आजोबांना वाटे, घरात पोळ्या चालल्यात. वर्षभर या ठक्-ने अण्णांचा हात छडीपासून वाचला, आणि त्याबद्दल अण्णा जन्मात कधी एक शब्द बोलले नाहीत. मला हे सगळं आत्यानेच सांगितलंय, आणि दर वेळी चिडूनच सांगितलंय.

पुढे अण्णांचं नाव झालं, लांबलांबून विद्यार्थी यायला लागले. इंदूरहून परतलेली आत्या एकदा जात्यावर बसून तोच आख्खा अध्याय म्हणत होती. अण्णा दारात उभे राहिले, कानापर्यंत लाल झाले, आणि म्हणाले, "हे पुन्हा माझ्या कानावर पडता कामा नये." बस्स, एवढंच. आणि कुणाला न बधणारी आमची आत्या "बरं" म्हणाली! का म्हणाली, हे मी तिला हजार वेळा विचारलं असेल. "दादाला शब्द दिला, झालं," एवढंच सांगते. पण शब्द पाळायचा म्हणजे कसा, तर अक्षराला धरून. दादाच्या कानावर पडायला नको ना? ठीक आहे! अण्णा स्नानाला गेले की ही गच्चीवर सुरू. अण्णा घरी असले की ही नावेत बसून पलीकडच्या वाळूवर. मासे तेवढे वेदमूर्ती व्हायचे बाकी राहिले होते.

दहा-बारा वर्षांपूर्वी घाटाच्या पायरीवरून घसरून तिचा पाय मोडला आणि सरकारी इस्पितळात बायकांच्या वॉर्डात तीन आठवडे पडून राहावं लागलं. तिथे अण्णांचे कान नव्हते. पाय वर टांगलेला आणि तोंड मोकळं, मग काय विचारता! शेजारच्या खाटेवरची गाझीपूरची म्हातारी दिवसभर कण्हायची, ती चौथ्या दिवशी म्हणाली, "अम्मा, और बोलिए, दरद थोड़ा भूल जाता है." आत्याचा पाय सांधला, वॉर्ड मात्र सुटला नाही. रोज दुपारी माझी शाळा सुटली की मी तिला स्कूटीवर मागे बसवून तिथे सोडायचं, हा माझ्या कपाळी आलेला भोग. "उद्या सोड गं, पेपर तपासायचेत," म्हटलं की म्हणायची, "पेपर मरत नाहीत."

तिथे ती काय करते, हे ऐकण्यापेक्षा बघायला हवं. "कैसी तबीयत है?" असं ती कधीच विचारत नाही. "कशी असणार? पट्टी दिसत नाही का डोळ्यांना?" असं वर मलाच सुनावते. लोखंडी स्टूल ओढायचं, खाटेच्या दांडीवर हात ठेवायचा आणि एकच प्रश्न, "सुनना है कि बोलना है?" ऐकायचं असलं तर आत्या मंत्र सुरू करते. बोलायचं असलं तर तासन् तास गप्प बसून ऐकते, आणि ती गप्प बसते हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. मदनपुऱ्याची एक विणकरीण, पोटाचं ऑपरेशन झालेली, दबकत म्हणाली, "हमको तो अपनी दुआ पढ़नी है." "तो पढ़िए, मैं बैठी हूँ," म्हणून आत्या बसली, आणि फडकं घेऊन आलेल्या सफाईवालीला तिने डोळ्यांनीच दारात थोपवलं. एकदा एका आजीबाईंचे नातलग घाईघाईने गंगाजळाचा लोटा आणि तुळशीपत्र काढून रडायला लागले. आजीबाई कचोरी मागत होत्या! आत्याने लोटा हिसकावला. "काशी में हैं तो क्या मार ही डालोगे? पहले डॉक्टर से पूछो, कचौड़ी चलेगी क्या!" मोक्षाबद्दल तिचं म्हणणं असं, की तो कुठे पळून जात नाही, आधी ताप उतरू दे.

नवे मोठे डॉक्टर आले, त्यांनी तिला बोलावून विचारलं, "आप यहाँ किसकी इजाज़त से आती हैं?" आत्या म्हणाली, "बीमार लोग आपकी इजाज़त से पड़ते हैं क्या?" मी शरमेने मेले. डॉक्टरांनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि वॉर्डाच्या सिस्टरला सांगितलं की अम्माचं स्टूल मोडकं आहे, दुसरं द्या. घाटावर मात्र प्रकरण पेटलं. दोन-तीन गुरुजी अण्णांकडे आले. बाई माणूस, वेद म्हणते, तेही इस्पितळात, कुणाच्याही खाटेशी! "तुम्ही बहिणीला आवरा." अण्णांनी सुपारी कातरत शांतपणे सांगितलं, "माझ्या कानावर तर काही पडलेलं नाही." मी आत चहा गाळत होते, माझ्या हातून गाळणीच सुटली.

मग अण्णांनाच अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नेलं त्याच इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात, खाट नऊ. आवाजावर सगळं आयुष्य उभं केलेला माणूस, त्याच्या तोंडून एक अक्षर फुटेना. अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि अन्नावरची वासनाच सोडली. चमचा ओठाला लावला की ओठ घट्ट. डॉक्टर म्हणाले, "ये खुद नहीं चाहेंगे तो हम कितना करेंगे?" आणि आत्या? एव्हाना सगळ्या वॉर्डांत, पुरुषांच्याही, मिरवणारी आत्या तीन दिवस दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिली. मला असा संताप आला! "अगं, परक्यांच्या उशाशी बसतेस, सख्खा भाऊ आत मरायला टेकलाय, जा ना!" ती पदराचं टोक पिळत म्हणाली, "आत गेले तर म्हटल्याशिवाय राहवणार नाही मला. आणि दादाला शब्द दिलाय." मी तिला आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

चौथ्या दिवशी सिस्टर बाहेर आली. "अम्मा, नौ नंबर वाले बाबा पानी भी नहीं ले रहे. आप सबके पास बैठती हैं, उनके पास क्यों नहीं?" "वो मेरा भाई है," आत्या म्हणाली. "तो?" सिस्टरने विचारलं. आत्याने पिळलेला पदर कमरेला खोचला. ती उठली, आत गेली, स्टूल ओढलं आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादा, घरी तुझं चालतं. हा वॉर्ड माझा आहे. ऐकायचंय की बोलायचंय?" अण्णांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "बोलता येत नाही, म्हणजे ऐकायचंय," असा निकाल देऊन तिने सुरू केलं. तोच अध्याय. मी खाटेच्या पायथ्याशी उभी. मग चादर हलली, आणि अण्णांचा डावा हात बाहेर आला. डावा! डाव्या हाताने स्वर दाखवला तर आजोबांनी घराबाहेर काढलं असतं. तो हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर. बहीण म्हणत होती आणि भाऊ हाताने म्हणत होता. आणि त्या ठिकाणी, पंचाहत्तरी उलटलेल्या माझ्या विद्वान बापाचा हात वर जायच्या ऐवजी खाली जायला लागला. आत्या थांबली नाही. तिने बोटाच्या पेराने खाटेच्या लोखंडी दांडीवर मारलं, ठक्! हात वर गेला. अण्णांचं अर्धंच तोंड हसलं, डोळे मात्र दोन्ही वाहत होते. त्या दिवशी त्यांनी चार घास मऊ भात खाल्ला, आत्याच्या हातून, आणि पाचव्याला तिचीच बोटं चावली.

अण्णा घरी आले, वर्षभर राहिले. वाचा परत आली नाही. पण रोज सकाळी ओसरीचं दार सताड उघडं टाकून आत्या मोठ्याने म्हणायची आणि अण्णांचा डावा हात चालायचा. गल्लीतून जाणारे गुरुजी मान खाली घालून पुढे जायचे. त्या एका ठिकाणी अण्णांचा हात रोज खाली जायचा, आणि आत्या रोज ठक् करायची. शेवटी शेवटी मला वाटायला लागलं, अण्णा मुद्दामच चुकताहेत. मी आत्याला तसं म्हटलं, तर खेकसली, "साठ वर्षं मुद्दाम चुकत होता का? ढ होता तो!"

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं होतील. आत्या अजून दुपारी वॉर्डात जाते, अजून मीच सोडते. ते ठिकाण आलं की ती बोटाच्या पेराने खाटेच्या दांडीवर ठक् करते आणि क्षणभर थांबते. रोग्यांना वाटतं, ते मंत्रातच आहे.