वाबळ्यांची पहिली मशाल

अबोली रणदिवेला माणसांचा तिटकारा नव्हता, मूर्खांचा होता. आता नोकरीनं तिला रोज उठून मूर्खांच्याच पंगतीत नेऊन बसवलं, त्याला ती काय करणार? मूळची कराडची. बाप एस.टी.त कंडक्टर, आई शिवणकाम करणारी. आईनं हौसेनं फुलाचं नाव ठेवलं, पण पोरगी चौथीतच मास्तरांना म्हणाली होती, "गुरुजी, ढग कापसाचे नसतात हो, पाण्याचे असतात. काहीही काय सांगता?" तेव्हापासून नाव आणि तोंड यांची गाठ कधी पडली नाही. पुढं हवामानशास्त्र शिकली, दोन-चार ठिकाणी साहेबांशी भांडली आणि कंत्राटी नोकरीवर इंदूरला येऊन पडली.

पलासियात, एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर तिचं ऑफिस. खाली पोरं घोकंपट्टी करायची, वर ही वाऱ्याच्या नकाशांशी डोकं लावायची. काम ऐकलं की लोक हसत. जंगल कधी जाळावं ते सांगते म्हणे! हसणाऱ्यांची अक्कल तेवढीच. अहो, उन्हाळ्यात सागाचा पाचोळा एकदा पेटला की डोंगरच्या डोंगर खलास होतात. म्हणून थंडी सरताना जंगलातून एक रुंद पट्टा साफ करायचा आणि आपणच जाळून ठेवायचा. पुढं वणवा आलाच तर त्या काळ्या पट्ट्याशी येऊन थांबतो. मराठीत त्याला जाळरेषा म्हणतात, इंदुरात फायर लाइन. आग लावायला काय, माकडालाही जमेल. धूर कुठं जाईल हे आधी सांगणं अवघड, आणि अबोली पगार घ्यायची तो त्याचाच.

वनखात्याच्या तिथल्या रेंजचे अधिकारी मनीषजी. गोड माणूस, पण नुसत्या गोडाचा उपयोग चहात होतो तेवढाच. अबोलीनं हवेचे थर, दमटपणा, वाऱ्याचा वेग, सगळं घसा कोरडा होईस्तोवर समजवावं आणि मनीषजींनी शेवटी हात जोडून एकच विचारावं, "मॅडम, धुआँ इंदौर तरफ तो नहीं आएगा ना?" शहर स्वच्छ, शहराचं नाव मोठं, शहराच्या हवेचे आकडे बिघडता कामा नयेत! जाळणी व्हायची त्या मानपूरकडच्या डोंगराखाली जी माणसं राहतात त्यांना बहुधा नाकच नसतं. "इंदूरकडे नाही येणार," असं ती म्हणाली की मनीषजींचा जीव भांड्यात पडायचा. "बस, फिर तो हो जाएगा." या 'हो जाएगा'वर अख्खं खातं चाललेलं होतं.

आणि या सगळ्यांवर कडी करणारे जयसिंगराव वाबळे. मानपूरच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या खोलगटात त्यांचं शेत आणि शेतातच घर. डोंगरावर गाडी न्यायची तर वाट त्यांच्याच शेतातून, आणि पाण्याचा टँकर बरोबर नेल्याशिवाय जाळणी करता येत नाही. एवढी एक वाट होती म्हणून या माणसाला किंमत. पण स्वतः सांगायचे वेगळंच. होळकरशाहीत म्हणे त्यांचे पणजोबा शिकारीच्या पुढं मशाल धरून चालायचे. म्हणून या डोंगरावरच्या जाळणीची पहिली मशाल वाबळ्यांच्या घरातून निघते, आणि निघते ती दिवेलागणीलाच. आधी घरच्या सवाष्णीनं मशालीचं औक्षण करायचं, मग रावसाहेबांनी फेटा बांधून मशाल उचलायची, शेताच्या टोकाशी जाऊन गवताला लावायची, चार लोकांनी कौतुकानं बघायचं, मग पंगत. मान मिळाला नाही तर फाटकाला कुलूप. पुढं मशाल धरून चालणारा म्हणजे मशालजी, नोकर माणूस, एवढी साधी गोष्ट त्या घरात कुणाच्या ध्यानात आली नव्हती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं सुंभ तरी होता का, याचीच अबोलीला शंका होती.

बरं, मिरवायचं तर मिरवा, पण वेळ कुठली? दिवेलागण! जाळणीला याहून वाईट वेळ शोधून सापडायची नाही. दुपारी जमीन तापलेली असते, हवा वर चढते आणि तिच्याबरोबर धूरही उंच जाऊन विरतो. सूर्य बुडाला की जमीन गार पडते, वारा पडतो आणि गार हवा पाण्यासारखी उतारानं खाली येऊन खोलगटात साचते. धूर तिच्यात कोंडतो तो उन्हं वर येईपर्यंत हलत नाही. वारा पडला म्हणजे आग पसरत नाही, एवढंच मनीषजींना कळायचं. अबोली गेल्या साली हे सगळं सांगून दमली होती. पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून या फेब्रुवारीत ती स्वतःच मनीषजींच्या जीपमध्ये बसून वाबळ्यांकडे गेली.

"या, या! पूनेवाल्या मॅडम आल्या," जयसिंगराव खुर्चीतून न उठता म्हणाले.

"मी कराडची."

"एकच झालं ना. तिकडचेच तुम्ही. आम्ही तर पिढ्यान् पिढ्या इथं आहोत भिया." इंदुरात भैयाचं 'भिया' होतं, आणि ते बाईमाणसालाही सुटत नाही.

अबोलीनं राग गिळला आणि या वर्षी जाळणी दुपारी करू या, असं जमेल तेवढ्या गोडीनं सांगितलं. जयसिंगराव मनीषजींकडे बघून हसले. "दिवसाढवळ्या मशाल? उन्हात? दिसणार कुणाला ती? लोक हसतील ना. काय बोलून राहिल्या मॅडम तुम्ही!"

तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला. साधा नव्हे, एकदा लागला तो थांबेचना. जयसिंगरावांची बायको आनंदीबाई चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत आल्या होत्या आणि चौकटीला टेकून श्वास सावरायला बघत होत्या. कप एकमेकांवर आपटत होते. अबोलीनं उठून ट्रे घेतला. जयसिंगरावांनी आपला कप उचलला.

"काकू, कधीपासून आहे हे?"

"थोडा तर बारा महिने असतोच गं. पण जाळणी झाली की दवाखाना ठरलेला. गेल्या साली पलासियाला नेलं होतं, तर श्वासाची मशीनच लावून ठेवली. डॉक्टर म्हणाले, आता फुप्फुसात काही जोर नाही. पुन्हा असं झालं तर यातून निघायच्या नाहीत."

"मौसम बदलतो ना त्या वेळी," जयसिंगराव फुर्रकन चहाचा घोट घेत म्हणाले. "सर्दी जाते, गर्मी येते. सगळ्यांनाच त्रास होतो."

अबोलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मौसम नाही रावसाहेब, तुमची मशाल! दिवेलागणीला तुम्ही डोंगर पेटवता आणि रात्रभर धूर तुमच्याच घरात येऊन बसतो. तुमचं घर वाटीच्या तळाशी आहे. दरसाल तुम्हीच यांना दवाखान्यात पाठवता, आणि या साली तर तिथवर पोचायच्याही नाहीत!"

मनीषजींनी घाईघाईनं चहा बशीत ओतला. जयसिंगरावांनी कप खाली ठेवला. मग मोठ्या मनानं म्हणाले, "ठीक आहे. मग हिला त्या दिवशी इंदूरला लेकाकडे पाठवून देऊ." अबोलीला क्षणभर वाटलं, आहे, आहे, आत कुठंतरी माणूस आहे. पण रावसाहेबांचं वाक्य अजून संपलं नव्हतं. "मतलब, औक्षण झाल्यावर, पंगत उठली की. औक्षणाला सवाष्ण तर घरचीच लागते ना. शेजारणीच्या हातून थोडंच होते ते!"

"पंगत उठेपर्यंत धूर घरात आलेला असेल."

"तर मग खोलीत मोठा पंखा लावून देतो. अजून काय करावं? रिवाज आहे, मी थोडाच बनवला."

घ्या! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. अबोलीनं मनीषजींकडे पाहिलं. मनीषजींनी जमिनीकडे पाहिलं. "मॅडम, फाटक नाही खुललं तर लाइनच राहून जाईल. देख लेते हैं ना. हो जाएगा."

ती तरातरा जीपकडे निघाली. आनंदीबाई भिंतीला धरून धरून मागं आल्या. "खरंच मशालीनं होतं का गं हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो, काकू. खरंच."

"बघ! आणि लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला ओवाळून राहिले," एवढंच म्हणाल्या आणि परत फिरल्या.

अबोलीनं ऑफिसात येऊन साफ नकार कळवला. संध्याकाळी जाळणी नको, खाली आजारी बाई आहे, जिवाचा धोका आहे. वरच्या साहेबांचं उत्तर आलं, स्थानिक भावनांचा आदर राखावा. बाईच्या फुप्फुसाबद्दल साहेबांना काही भावना नव्हत्या.

जाळणीच्या दिवशी ती सकाळीच तिथं जाऊन बसली. काही जमलं नाही तर काकूंना उचलून गाडीत घालायचं, रावसाहेब आडवे आले तर त्यांच्यासकट घालायचं, इथवर तिची तयारी होती. दिवसही असा की हातचा सोडू नये. आभाळ स्वच्छ, पश्चिमेचा हलका वारा, हवा वर चाललेली. संध्याकाळी मात्र सगळं ठप्प होणार होतं. टँकर शेतात येऊन उभा, वनरक्षक हातात आग विझवायचे झोडपे घेऊन बसलेले, पट्ट्याच्या दोन्ही कडा ओल्या केलेल्या. माशा मारत बसले होते सगळे. का? तर रावसाहेब जेवून वामकुक्षी करत होते. त्यांचं घोरणं अंगणापर्यंत ऐकू येत होतं.

तेवढ्यात आनंदीबाई बाहेर आल्या. हातात औक्षणाचं ताट, त्यात पेटलेलं निरांजन. मशाल खांबाला टेकवून ठेवली होती. तिला त्यांनी कुंकू लावलं, दोनदा ओवाळलं आणि दम लागला म्हणून पायरीवर बसल्या.

"अबोली, आत्ता लावली तर धूर कुठं जाईल गं?"

"सरळ वर, काकू."

"आणि दिवेलागणीला?"

"तुमच्या छातीत."

आनंदीबाईंनी मान हलवली, ताट खाली ठेवलं आणि निरांजनावर मशाल धरली. तेलात भिजलेलं फडकं भसकन पेटलं. मनीषजी धावत आले. "बाईसाहेब, अरे बाईसाहेब, एक बार राव साब को पूछ लेते!"

"मान वाबळ्यांच्या घराचा आहे ना? मग मी काय या घरात पाहुणी म्हणून आले होते? बाजू व्हा."

मनीषजी बाजूला झाले. जन्मात एक गोष्ट बरी केली त्यांनी. आनंदीबाई निघाल्या. चार पावलं चालायच्या आणि थांबायच्या, पुन्हा चार पावलं. अबोलीनं एका हातानं त्यांचं कोपर धरलं, दुसऱ्यानं मशालीला आधार दिला, आणि शेताच्या टोकाशी त्यांना वारा पाठीवर येईल असं उभं केलं. आनंदीबाईंनी वाकून गवताला मशाल लावली. सरसर करत ज्वाळ पट्ट्यावर चढत गेली, वनरक्षक दोन्ही कडांनी तिच्याबरोबर चालायला लागले, आणि धूर झाडांच्या वर, डोंगराच्याही वर गेला.

रावसाहेब जागे झाले ते आरडाओरड्यानं. अनवाणी, बंडीवर, फेट्याचं एक टोक हातात आणि बाकीचा फेटा मागं मातीत लोळत, असे धावत आले. "अगं हे काय करून राहिली तू? भर उन्हात? मला उठवायचं तरी! लोक काय म्हणतील? वाबळ्यांची मशाल बायकोनं लावली म्हणतील!"

आनंदीबाईंना बोलायला वेळ लागला. अबोलीच्या तोंडावर चार शिव्या आल्या होत्या, त्या तिनं दातांखाली धरल्या. आनंदीबाईंनी श्वास पुरता गोळा केला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हणू द्या. संध्याकाळपर्यंत थांबून मी मेले असते, तर हेच लोक म्हणाले असते, नशिबाची गं बाई, अहेव गेली. आणि तुम्ही मान हलवली असती."

जयसिंगराव तिथंच उभे राहिले. त्यांनी मान हलवली नाही.