मावशींच्या नावाची हाक

पाळणाघरातल्या मावशींना मावशीखेरीज दुसरं काही नाव असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरं मावशी म्हणत, पोरांच्या आया मावशी म्हणत. घरी सून 'आई' म्हणायची. नावाने हाक मारणारा एकटा थोरला भाऊ उरला होता, तोही गेल्या वर्षी गेला. तेव्हापासून ते नाव कुणी तोंडातून काढलं नव्हतं.

आणि एका सकाळी तेच नाव घेऊन सव्वा वर्षाची एक गालफुगी पोर दारात हजर! मावशींनी चक्क दोनदा विचारून घेतलं. हल्ली मुलींना त्या नावाचं काटछाट केलेलं रूप देतात, दोन अक्षरांत काम तमाम. हिचं मात्र अख्खं होतं, चार अक्षरी, जोडाक्षरासकट.

"जुनं आहे, पण गोड वाटलं," पोरीची आई म्हणाली. "आता कुणाचंच नसतं ना!"

"नसतं खरं," मावशी म्हणाल्या. त्या कोऱ्या करकरीत नावावर आपली म्हातारीची सावली कशाला, असं त्यांना वाटलं.

मग काय, दूध पाजताना, लंगोट बदलताना, दिवसभर त्या पोरीला नावाने हाका मारत सुटल्या. पण आपल्याच तोंडच्या हाकेने जीव थोडाच निवतो? ती दुसऱ्याने मारावी लागते. मावशींनी पोरीला ते नाव म्हणायला शिकवायचा चंगच बांधला.

"मावशी, भाषणाला उभं करताय की काय तिला?" पाळणाघराच्या बाईंनी चिडवलं.

"कशाला त्रास घेता, मावशी?" पोरीची आई म्हणाली. "जड जातं ते. आम्हीही घरी चिमीच म्हणतो."

चिमी! म्हणजे हेही नाव कागदावरच राहणार. मावशी आणखी नेटाने मागे लागल्या.

कित्येक महिन्यांनी एका संध्याकाळी आई पोरीला बूट घालत होती. पोरीने मान वळवून मावशींकडे पाहिलं, हात पुढे केले आणि चारही अक्षरं म्हणून टाकली.

"ओ!" मावशींच्या तोंडून निघून गेलं.

आई खळखळून हसली. "अहो, तिने स्वतःचं नाव घेतलं! तुम्ही कशाला ओ देताय?"

मावशींना पुढचं नीट दिसेना.

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या. "तिला पुन्हा एकदा म्हणू दे."