पूजेला ठेवलेल्या चार वायरी

देवी आपल्यावर कोपली, असं मला आयुष्यात एकदाच वाटलं, आणि तेही ऐन दसऱ्याच्या दिवशी. पुष्कळ वर्षं झाली आता.

आम्ही तेव्हा मौद्याला राहत होतो. यांच्याकडे लिलावात घेतलेली जुनी जीप होती. तिच्या प्लगच्या वायरी चिरल्या होत्या, म्हणून यांनी नागपुरातून चार नव्या आणल्या. दुकानदारानं बजावलं होतं की एक जुनी काढायची, लगेच तिच्या जागी नवी लावायची, मगच दुसरीला हात घालायचा, नाहीतर क्रम चुकतो. पण आमच्या घरी नवी वस्तू देव्हाऱ्यापुढे ठेवल्याशिवाय वापरत नाहीत, आणि त्या दिवशी तर गाडीचीच पूजा. गाडीत चिरलेल्या वायरी ठेवून नव्यांना कुंकू कसं लावायचं? मीच हट्ट धरला. "त्या वायरी आहेत वं, नवऱ्या नाहीत," असं हे म्हणाले, पण चारही उपटून त्यांनी उकिरड्यावर टाकल्या. नव्यांना मी ओलं हळदकुंकू लावलं, आणि मग यांनी त्या अंदाजानं बसवल्या.

गाडी सुरू करून बघायच्या आतच घरातून सुमनची हाक आली. माझी थोरली, पहिल्या बाळंतपणाला आलेली, आठवा सरत आलेला. जाऊन बघते तर तिचं नेसलेलं पातळ रक्तानं भिजलेलं. सुईण आली, तिनं पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, नागपूरले न्या, आत्ताच.

जीप सुरू तर झाली, पण सारखी थरथरत होती, मधूनच फटाका फुटल्यासारखी वाजत होती. प्रत्येक आवाजाला सुमन माझा दंड घट्ट धरायची. कन्हानचा पूल ओलांडला, थोडं पुढे गेलो, आणि मोठा आवाज होऊन गाडी बंद पडली. हे हँडल मारून मारून घामाघूम झाले. ही वायर तिथं लाव, ती इथं लाव, असं करता करता कुठली कुठं होती तेही विसरले. सणाचा दिवस, रस्ता ओस पडलेला. सुमनचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आधी ती कण्हत होती, मग कण्हणंही थांबलं. ती हळूच म्हणाली, "आई, मले काहीच दिसून नाही राहिलं."

मी कोराडीच्या देवीला नवस बोलत सुटले. खण बोलले, साडी बोलले, अनवाणी येईन म्हटलं, शेवटी मला घेऊन जा म्हटलं. सुमनचा हात गारच होत चालला. मग माझ्याजवळ द्यायला काही उरलं नाही. म्हटलं, आई, वायरी मीच उपटायला लावल्या. आता मी काही मागत नाही, तू बघ.

थोड्या वेळानं भंडाऱ्याकडून एक ट्रक आला. पांढरे कपडे घातलेली बायामाणसं त्यात दाटीनं उभी, दीक्षाभूमीला निघालेली. पोरीला त्या उंच ट्रकात चढवायची सोय नव्हती. एक चाळिशीचा माणूस खाली उतरला. इंजिनात डोकावून त्यानं विचारलं, "साऱ्या एकदमच काहून काढल्या?"

मी म्हटलं, मी काढायला लावल्या. त्यानं पहिला प्लग खोलला, त्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि यांना हँडल हळूहळू फिरवायला सांगितलं. आतून हवेनं अंगठा ढकलला तेव्हा, "थांबा गा," म्हणाला. मग वायरी जिथून निघतात ती काळी टोपी उघडून आतला काटा कुठं आलाय ते पाहिलं. प्लग परत लावून पहिली वायर त्या जागी बसवली, बाकीच्या क्रमानं. माझं ओलं कुंकू त्यानं आपल्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या टोकानं पुसून काढलं. हँडल मारल्याबरोबर गाडी एकसुरी चालू लागली.

मी हात जोडले, म्हटलं, दादा, तुम्हाला देवीनंच पाठवलं.

"आमचं देवीसंगं काही नाही, बाई," तो म्हणाला. "पोरीले सांभाळा. निघा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती. सुमन वाचली, नातूही वाचला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की त्या माणसाला मी नाव विचारलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. पांढऱ्या सदऱ्यावर काळं तेल आणि माझं कुंकू घेऊन तो त्याच्या सणाला गेला.

पुढच्या दसऱ्याला पाण्याचा माठ घेऊन मी रस्त्यावर उभी राहिले. दोन वर्षं ट्रकातला एकेक चेहरा न्याहाळला. तो दिसला नाही. माझी देवी कुणाच्या हातानं येते ते ओळखणं माझ्या हाती नाही, हे मला उमगायला तेवढा वेळ लागला. तिसऱ्या वर्षापासून मी चेहरे बघणं सोडलं. जो हात पुढे येतो, त्यात पाणी ओतते.