सहावी प्लेट

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना तर नाहीच. मग तुम्हाला काऊन सांगून राह्यली? परवा शेजारीण माझ्या शोकेसकडे पाहून म्हणाली, सेट किती जपून ठेवलाय हो, पण प्लेटा पाचच कशा? मी म्हटलं, एक फुटली. आणि मग दिवसभर माझा माझ्यावरच संताप होत राह्यला.

सेट मेलामाइनचा. तेव्हा, नव्वदच्या दशकात, आर्वीत अशा सेटचं भारी अप्रूप. पांढऱ्या चौकोनी प्लेटा, कडेला निळी वेल, भाजीला वेगळा खण, वरणाला वेगळा. नागपूरहून आणला, एसटीत मांडीवर धरून. आमच्या स्टीलच्या ताटांवर नावं घातलेली, त्यामुळं ताट कोणतं ते लगेच कळायचं. ह्या सहा प्लेटा मात्र हुबेहूब सारख्या. मी शाळेत मिरवून सांगितलं, आता आमच्याकडे स्टील बंद!

पण सारखेपणाचीच तर अडचण झाली ना.

विमल माझ्याच शाळेत शिकवायची. मूळची देवळीची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघी माझ्या घरी जेवायचो, मग ती गावाकडची बस धरायची. मला टायफॉइड झाला तेव्हा माझे वर्ग तिनंच सांभाळले — अशी मैत्रीण. आणि स्टीलच्या दिवसांत तिला मी नेहमी एकच ताट द्यायची, नाव नसलेलं. का? तिची जात वेगळी. बस, एवढंच कारण. लोक स्वच्छतेचं नाव पुढं करतात, सासूचं नाव पुढं करतात — मला चीड येते त्यांची. माझ्या सासूबाई सेट येण्याआधीच गेल्या होत्या. जे केलं ते मी केलं.

काय केलं? वर्गात समतेवर घसा कोरडा करणाऱ्या ह्या बाईनं नेलपॉलिशची बाटली घेतली — आणि एका प्लेटीच्या बुडाला लाल ठिपका लावला. वरून काहीच दिसत नव्हतं. मला तर स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं, सांगते ना!

कितीतरी वर्षं विमल त्याच प्लेटीत जेवली. जेवण झालं की हट्टानं आपली प्लेट आपणच घासायची, बुडाला हात फिरवून. तिला ठिपका दिसत असेल, हे मला सुचलं नाही? की सुचलं होतं, आणि मी तिकडं पाहिलंच नाही?

पुढं तिनं देवळीला घर बांधलं. घरभरणीला मी गेले. तिनंही असाच सेट घेतलेला, तीच निळी वेल. तिनं माझ्या हातात प्लेट दिली. आणि मी — अहो, लाज वाटते — ती उलटी केली. बूड पाहिलं.

विमल समोरच उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "ताई, आमच्या घरी ताटाले खूण नसते. बसा, जेवून घ्या."

म्हणजे तिला ठाऊक होतं. तरी ती दर शनिवारी येत राहिली, माझ्या पोरींसाठी चिवडा आणत राहिली. आणि मी त्या दिवशी काय केलं? जेवले. मागून कढी घेतली. माफीचा एक शब्द तोंडातून निघाला नाही. इतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. त्यानंतर ती माझ्याकडे कधी जेवायला आली नाही, आणि मीही बोलावलं नाही.

घरी येऊन ठिपका पुसायला रिमूव्हर लावलेला कापसाचा एक बोळा पुरला असता. मी प्लेट पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकली. कोणी विचारलं की सांगते, फुटली. घेताना दुकानदारानं, ह्या फुटत नाहीत म्हणून, सेटमधली एक प्लेट माझ्यासमोर फरशीवर आपटून दाखवली होती. ती फुटलेली नाही. माळ्यावर आहे, ठिपक्यासकट.