झटकलेली माती

हे मी आईला सांगितलेलं नाही, मित्रांना नाही, दारू पिऊनसुद्धा कुणापाशी बरळलो नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला फक्त छापलेल्या ओळींतून ओळखता म्हणून, कदाचित. आणि त्या ओळी – त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

आमचं घर रहिमतपूरचं. वडील चळवळीतले. घरात खेळण्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. अक्षरओळख मला त्या पत्रकांवरच झाली – ‘अन्याय’ हा शब्द मी ‘अननस’च्या आधी वाचला असेन. पुढं सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन मी स्वतः पत्रकं काढू लागलो. जातीवर, भोंदूंवर, कारखान्यांच्या राजकारणावर. लोक ती घ्यायचे, घडी घालायचे आणि तिच्यात भडंग खायचे.

पोटासाठी मी व्हिडिओ करायचो. एका आयोजकानं कुस्तीचं मैदान ठरवलं होतं, मोबाईलवर दाखवायचं. पैसे भरून लिंक घ्यायची आणि घरी बसून बघायचं. शेवटची मोठी कुस्ती दिग्विजय आणि बिरा यांची. जाहिरात माझ्याकडं.

दिग्विजय कडेगावचा. घरचा ऊस, वडील लष्करातून निवृत्त हवालदार, आणि त्यालाही खेळाडू म्हणून तिथंच भरती व्हायचं होतं. बिरा जतकडचा धनगर. आजा जन्मभर मेंढरांमागं हिंडला, बापानं आता डाळिंब लावलंय. दोघं सांगलीत एकाच तालमीत वाढले. एकाचा लंगोट दुसऱ्याच्या दोरीवर वाळायचा, एवढं सांगितलं तरी पुरे.

पण आयोजक म्हणाला, “काय लेखकराव, दोस्तांची कुस्ती पैसं भरून कोण बघंल? वैर पायजे, वैर! न्हाई तर घरात भाऊ-भाऊ भांडत्यात, ते फुकटात दिसतंय की.”

मी हसलो. हसायला नको होतं? हसलो खरा.

आमच्याकडं कुस्ती धरण्याआधी पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात. ती टाकली म्हणजे मनात काही नाही, आता होऊन जाऊ दे. तालमीत चित्रीकरण करताना मी दोघांना तेवढं करायला सांगितलं. बिरानं मूठभर माती दिग्विजयच्या खांद्यावर टाकली आणि पाठ फिरवून पलीकडं शड्डू ठोकायला गेला. दिग्विजयच्या त्या खांद्यावर गजकर्ण झालेलं, खाजवून सोललेलं. तालमीची माती – तिच्यात लिंबू, हळद, ताक. झोंबली. “आयायाया!” करून त्यानं ती झटकली. आणि लगेच –

थांबा. हे ‘लगेच’ जरा पुढं सांगतो.

मी झटकण्यापर्यंतचं ठेवलं. आवाज काढला. संथ केलं. वर ढोलाचा ठेका, खाली पाटी – ‘कुणाची माती कुणाला नको?’ मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही, बघा. फक्त प्रश्न विचारला. प्रश्नचिन्ह टाकलं की अंगाला काही लागत नाही, हे पत्रकं काढणाऱ्याइतकं कुणाला ठाऊक असतं? ऊसवाला आणि धनगर. उरलेलं वाक्य लोक पुरं करणार, हे मला माहीत होतं. आणि त्यांनी केलं. लिंक धडाधडा विकली गेली. जतपासून माणपर्यंत पोरं पेटली. माझं लिहिलेलं पहिल्यांदाच इतक्या लोकांनी वाचलं – चार शब्द.

मैदानाच्या आधी बिरा खोलीवर आला. उभाच राहिला. “दिग्या म्हणतोय, खांदा झोंबला म्हणून झटकली. म्हणतोय, मग लगीच उचलून कपाळाला लावली. मी पाठमोरा हुतो. तू समोर हुतास.” मग म्हणाला, “तू पत्रकं लिवणारा मानूस हाईस गड्या. तू खोटं बोलायचा न्हाईस. लावली का रं त्यानं?”

त्याला ‘हो’ ऐकायचं होतं. तोंड बघूनच कळत होतं. एक शब्द – तेवढाच पाहिजे होता. पण मग पाटीचं काय? माझं काय?

मी म्हणालो, “जे घडलं तेच दाखवलंय, बिरा.”

मैदानात दिग्विजयनं माती पुढं केली. बिरानं घेतली नाही. तळहात पसरून दिग्विजय उभा, आणि गर्दी त्याला शिव्या घालतेय. मी कॅमेरा त्याच्या हातावर नेला – त्याही वेळी. कुस्ती फार चालली नाही. बिरानं खाली घेऊन त्याचा उजवा हात पाठीवर मुरगळला. पंचांची शिट्टी झाली, तरी सोडला नाही. खांदा निघाल्याचा आवाज हलगीतही ऐकू आला. फेटे उडाले.

पुढचं सांगायची जास्त लाज वाटते. मी पत्रक काढलं. मातीत जात आणणाऱ्यांवर. नाव घेतलं नाही, पण ते दिग्विजयबद्दल आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. ते पत्रक कुणी घडी घालून फेकलं नाही. साताऱ्यात माझा सत्कार झाला, शाल, नारळ, भाषण. मी सत्यावर बोललो.

दवाखान्यात गेलो होतो. दिग्विजय माझ्यावर चिडला नव्हता. म्हणाला, “तुला दिसलं नसंल रं. तुजा डोळा कॅमेऱ्यात.” सबब त्यानंच माझ्या हातात ठेवली. मी मान हलवली. खोलीवर येऊन मूळ चित्रण पुसून टाकलं.

त्याचा हात आता डोक्याच्या वर जात नाही. सदरा घालताना आधी तो हात बाहीत घालावा लागतो. भरतीचं कुणी बोलत नाही. बिरा नावाजलेला पैलवान झालाय. त्या तालमीत दोघंही जात नाहीत. तो तुकडा अजून लोकांच्या मोबाईलवर फिरतो, पाटीसकट. आणि मी – मी अजून लिहितो. तुम्ही वाचता.

लगेच काय झालं, ते राहिलं.

दिग्विजय खाली वाकला. झटकलेली माती त्यानं चिमटीत घेतली, कपाळाला लावली, आणि बिराच्या पाठीकडं बघून हसला. मी समोर होतो. मी बघितलं.