दहापैकी चार

साजगावची दर्शना पंधरा वर्षं घरोघर फिरून सर्व्हे करते. मी गावच्या पाणी समितीवर. झाडाखाली बसून खोटे फॉर्म भरणारे मी कितीतरी पकडलेत. ही कधी सापडली नाही, म्हणून हिच्यावर माझा जास्तच डोळा.

गावच्या वाडीवरच्या विहिरीचं पाणी वास मारतं. म्हणून बाजूची कंपनी वाडीला टँकर देते. मार्चमध्ये कंपनीने कागद लावला: पाण्याबद्दल लोकांचं समाधान वर्षात दुप्पट झालं, टँकर बंद. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा, कंपनीसाठी केलेले दोन्ही सर्व्हे दर्शनाचेच. मी थेट तिच्या दारात.

"किती घेतलेस?"

"चहा घ्या दादा, मग शिव्या द्या."

तिने झेरॉक्स काढल्या. गेल्या वर्षी पाण्याला पाचापैकी गुण मागितले होते, बहुतेकांनी एक दिला. यंदा दहापैकी मागितले, बहुतेकांनी चार. कंपनीच्या ऑफिसने दहाच्या हिशोबात जुन्या एकाचे दोन केले आणि शेजारी चार मांडले.

"गणित बरोबर दिसतंय," मी म्हणालो.

"तेच खटकतंय. चला वाडीवर."

मोतीबाई दारात मासळी निवडत होती. मी विचारलं, "बाय, दहापैकी चार कशाला दिलेस?"

"मंग काय नापास करू? विहीर माज्या सासऱ्यानं खणलेली हाय. पोरं सांगतात, चारला पास."

"आणि पाचापैकी एकच?"

"पाचात कुठं पास-नापास असतंय रं? वाईट म्हंजे एक."

"पाणी पितेस?"

"म्हशीला बी देत नाय."

दर्शना हसली नाही. दोन दिवस रजा टाकून तिने वाडीची बेचाळीस घरं पुन्हा केली. त्याच माणसाला सकाळी पाचापैकी विचारायचं, संध्याकाळी दहापैकी. लोक वैतागले. एकाने विचारलं, सकाळचं विसरलीस का गं? सकाळी एक देणाऱ्या सदतीस जणांनी संध्याकाळी चार दिले. म्हणजे ह्यांचा एक तोच ह्यांचा चार. पाणी होतं तसंच आहे.

पाचाचे दहा कोणी केले, ते कंपनीत कोणालाच माहीत नाही. मला हे पटत नाही. आम्ही मॅनेजरकडे गेलो. त्याने दर्शनाचे कागद दोनदा चाळले आणि मला सोडून तो तिला म्हणाला, "हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. सह्या आहेत, फोन नंबर आहेत. लावून बघा."

त्याने फोन लावला नाही. "ठीक आहे. पावसापर्यंत टँकर पुन्हा चालू करतो. मग परत सर्व्हे करू."

दर्शनाने कागद पिशवीत घातले. "कितीपैकी, ते आत्ताच लिहून द्या," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.