सायकलमागची होडी

लग्न होऊन मी जोगेश्वरीच्या चाळीत आले, तेव्हा आमच्या गॅलरीतली अर्धी वाट एका होडीने अडवली होती. रद्दीतल्या कुठल्याशा परदेशी मासिकात माझ्या नवऱ्याने कयाकचं चित्र पाहिलं होतं. लांबट, दोन्हीकडे निमुळती, दोन माणसं पुढेमागे बसतील अशी. तशीच ह्यांनी बांधायला घेतली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर जाड कापड आणि वरून तेलरंग. हे कारखान्यात फिटर होते. हाताला सतत काहीतरी उद्योग हवा. पाण्याशी मात्र ह्यांचा संबंध सकाळच्या नळापुरताच.

मी देवगडकडची, खाडीच्या काठावर वाढलेली. लहानपणापासून वल्हं मारलेलं. पण नव्या सुनेने हे कशाला सांगायचं, म्हणून गप्प होते. फक्त नणंदेला सांगितलं होतं. ती माझ्याच वयाची. दिवाळीनंतर शाळेच्या मैदानावर तिनेच मला सायकल शिकवली.

होडी तयार झाली, पण ती टेम्पोत मावेना. मग ह्यांनी सायकलची दोन जुनी चाकं आणि लोखंडी अँगल जोडून एक गाडा केला. तो सायकलच्या सीटखाली बोल्टने अडकवायचा आणि ओढत न्यायचा, थेट मार्व्याच्या खाडीपर्यंत. पौषातल्या पौर्णिमेला रविवार आला होता, तो दिवस ठरला. आणि आदल्या संध्याकाळी कारखान्यातून निरोप आला, मशीन बंद पडलंय, उद्या या.

"पुढच्या रविवारी जाऊ," हे म्हणाले.

"पुढच्या रविवारी सकाळी ओहोटी असेल," माझ्या तोंडून निघून गेलं. "पाणी उतरत असेल, नुसता चिखल."

"तुला काय माहीत?"

"दादा, तिला होडी चालवता येते," नणंद म्हणाली. "तू कामावर जा. आम्ही दोघी जातो."

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "पोहता येतं ना दोघींना?" आम्ही दोघींनी मान हलवली.

पहाटे इतकी थंडी होती की हँडल धरवत नव्हतं. मी नणंदेचा पंजाबी ड्रेस घातला होता, वर ह्यांचा स्वेटर. ती पुढे, तिच्या मागे होडी, आणि भाड्याच्या सायकलवर मी. रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून होडीवर पांढरी चादर बांधली होती. गोरेगावात एक दूधवाला आम्हाला बघून सायकलवरून उतरला आणि त्याने हात जोडले. थोडं पुढे एका म्हाताऱ्याने टोपी काढली. मग फुटपाथवरच्या दोन बायका थांबल्या, तेव्हा नणंदेच्या डोक्यात प्रकाश पडला.

"वहिनी, लोकांना वाटतंय आपण मयत नेतोय."

आम्ही सायकली बाजूला घेतल्या आणि पोट दुखेपर्यंत हसलो. चादर काढून टाकली. मग तर सगळा रस्ताच आमच्याकडे बघायला लागला. बसमधून कंडक्टरने डोकं बाहेर काढून विचारलं, "पूर येणार आहे काय गं?"

मालाडला डावीकडे वळताना बोल्ट निसटला. नणंद पुढे गेली आणि होडी स्वतःच्या मर्जीने गटाराकडे निघाली. मी सायकल टाकून धावले, गाडा धरला. बोल्ट काही सापडला नाही. शेवटी चादरीची पट्टी फाडली, गाडा करकचून बांधला, आणि होडी डुलत डुलत मार्व्याला पोचली.

खाडी भरत होती. काठावर जाळं विणत बसलेल्या एका कोळीबाबांनी होडीला अंगठा दाबून पाहिला.

"कापडाची हाय?"

"हो."

"आणि तुम्ही बसणार हिच्यात?"

ते हसले, पण गुडघाभर पाण्यात येऊन होडी धरून उभे राहिले.

ह्यांनी चित्रात बघून केलेलं, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मला नवीन होतं. आधी आम्ही जागच्या जागी गोल फिरलो. मग हाताला ताल सापडला आणि होडी सुटली. गावची होडी जड असते, पाणी ढकलत जाते. ही पाण्यावरून नुसती घसरत होती. मला ओरडावंसं वाटत होतं.

"थांबू नको वहिनी," नणंद म्हणत होती. "अजून जोरात."

अर्ध्या खाडीत तिच्या पायाशी पाणी दिसलं. एक शिवण गळत होती.

"पोहता येतं ना तुला?" मी विचारलं.

"नाही गं."

"मग काल मान का हलवलीस?"

"नाहीतर आईने सोडलं असतं?"

चिवड्याचा डबा तिच्या ओढणीत रिकामा केला. ती डब्याने पाणी उपसायला लागली, मधूनच एखादा घास तोंडात टाकत. भीती वाटायला हवी होती, पण आम्ही दोघी हसतच होतो. पलीकडच्या मनोरीच्या काठाला हात लावला आणि परत फिरलो.

मार्व्याच्या धक्क्यावर खाकी कपड्यांतला एक माणूस उभा होता. हेच. मशीन लवकर सुरू करून थेट बसने आले होते. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं.

"चालते?" ह्यांनी विचारलं.

"बसा, दाखवते."

नणंद उतरली, हे पुढे बसले. दोन्ही कडा इतक्या घट्ट धरल्या होत्या की बोटं पांढरी पडली. मी हळूहळू खोल पाण्यात नेली. बऱ्याच वेळाने ह्यांनी एक हात सोडला, पाण्यात बुडवला आणि तसाच राहू दिला.

"परत नेऊ?" मी विचारलं.

"नको. मनोरीपर्यंत जाऊ." मग मागे न बघताच, "मला शिकवशील?"

ऊन चढलं होतं, डबा ह्यांच्या पायाशी होता. "आधी पाणी उपसा," मी म्हटलं आणि वल्हं मारलं.